शेळीला क्षय होत नाही म्हणतात!

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या पत्रिकेत तुमच्या व्याख्यानाचा विषय काय छापू, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला विचारले, तेव्हा मी सांगितले, "शेळ्यामेंढ्यांचा क्षयरोग." बाई क्षणभर गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, हळदीकुंकवाचा दिवस. काही मंगल बोलला असतात तर बरे झाले असते!" त्यांचे म्हणणे मला पटले, पण विषय मात्र मी बदलला नाही. लेकराच्या हातातल्या दुधाच्या पेल्याहून मंगल वस्तू घरात दुसरी कोणती असते? आणि आज मला बोलायचे आहे ते त्या पेल्याविषयीच.

गेल्या काही वर्षांत मंडळाच्या बचत गटातून आपल्यापैकी कितीतरी जणींनी शेळ्या घेतल्या. कोणाच्या परसात काळीभोर उस्मानाबादी आहे, कोणाकडे पांढरी संगमनेरी आहे. शेळी ही गरिबाची गाय, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता ते अनुभवीतही आहोत. करडे विकून मुलांच्या फिया भरल्या जातात, दुधाने सकाळचा चहा होतो, आणि लेंडीखताने परसातली वांगी पोसतात. माझा सगळा जन्म जनावरांच्या दवाखान्यात गेला, तेव्हा ह्या शेळ्या घेऊन भगिनी माझ्याकडे सल्ल्याला येतात. परवा अशीच एक शेजारीण आली आणि बोलता बोलता म्हणाली, "नातवाला मी रोज शेळीचे धारोष्ण दूध देते. तापवले की गुण जातो. आणि शेळीला काही क्षयबिय होत नाही, म्हणून भीती नाही."

हेच वाक्य मी साठ वर्षांपूर्वी माझ्या आजीच्या तोंडून ऐकले होते. त्या वाक्याची आमच्या घराला काय किंमत पडली, ते आज तुम्हांला सांगायचे आहे.

आमचे घर माणदेशातले. पाऊस बेताचा, विहिरीला पाणी बेताचे, आणि घरची सुबत्ताही बेताचीच. आमच्याकडे चांदी नावाची एक शेळी होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. 1964 सालची गोष्ट. मी नऊ वर्षांची आणि माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा होता. तो अंगाने किरकोळ, म्हणून आजीने त्याचा खुराक ठरविला होता. पहाटे आई धारेला बसली, की हा पेला घेऊन तिच्याजवळ उभा. सडातून निघालेले फेसाळ, उबदार दूध तो तिथल्या तिथे पीत असे. ओठांवर पांढरी मिशी उमटली, की आजीला कोण समाधान वाटे!

त्या वर्षी उन्हाळ्यात चांदी खोकू लागली. ठसका लागल्यासारखी, विशेषतः पहाटे उठल्यावर आणि चालवल्यावर. चारा खाई, पण अंगी लागत नसे. पाठीचा कणा वर दिसू लागला, दूध आटत चालले. आजी म्हणाली, "धुळीचा खोकला आहे." आणि खोकला धुळीचाच म्हणावा असेच घर होते, कारण घरात माझे एक चुलतेही दोन वर्षे खोकत होते आणि त्यांनाही सगळे धुळीचाच खोकला म्हणत. शेळी रात्री पडवीत बांधलेली असे आणि चुलतेही पडवीतच निजत.

दिवाळीच्या सुमारास भावाच्या मानेला गाठी आल्या. प्रथम एक, मग तीन. दुखत नसत, पण वाढत गेल्या आणि त्यांतली एक फुटली. गावात म्हणाले, गंडमाळ आहे. कोणी लेप सांगितला, कोणी गंडा बांधला. शेवटी वडिलांनी त्याला मिरजेला नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की ही क्षयाचीच गाठ आहे. दीड वर्ष सुया आणि गोळ्या चालल्या. त्या काळी क्षयाचे औषध तेवढे लांबत असे. भाऊ बरा झाला. आज त्याला नातवंडे आहेत, मानेवरचा व्रण तेवढा राहिला आहे. पण चांदीचे पुढे काय झाले, ते मी शेवटी सांगेन. ते सांगायला मला अजून जड जाते.

आता आजीच्या त्या वाक्याकडे वळू. "शेळीला क्षय होत नाही," हे आजीने स्वतःच्या मनाने काढले नव्हते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत क्षयाच्या रोग्याला शेळीचे दूध, तूप आणि मांस सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर शेळ्यांच्या सहवासात राहावे, त्यांच्यामध्ये निजावे, असेही सांगितले आहे. हलके, पचायला सोपे दूध अशक्त माणसाला मानवते, हा त्यामागचा अनुभव खोटा नाही. गांधीजींनी 1912 साली दूध सोडण्याचे व्रत घेतले होते. पुढे मोठ्या दुखण्यानंतर 1919 साली कस्तुरबांच्या आग्रहावरून ते शेळीचे दूध घेऊ लागले. तेव्हापासून तर शेळीच्या दुधाची प्रतिष्ठा घरोघर वाढली. पण अशक्ताला दूध मानवते म्हणजे दूध देणारी रोगी होत नाही, असे नव्हे. ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एक करून टाकल्या.

आणखी एक कारण आहे. शेळ्यामेंढ्यांत क्षय गाईम्हशींपेक्षा कमी दिसतो, हे खरेच आहे. मेंढीत तर तो फारच क्वचित. पण का कमी दिसतो, ते पाहिले पाहिजे. पहिले असे, की शेळी मेंढी दिवसभर रानात, उघड्या वाऱ्यात आणि उन्हात असते. क्षयाचा जंतू कोंदट, अंधाऱ्या जागी तग धरतो. उन्हात तो लवकर मरतो. दुसरे असे, की हा रोग संथ आहे. तो अंगात शिरल्यावर दिसायला महिने, कधी वर्षे लागतात. बोकड तर वर्ष-दीड वर्षात खाटकाकडे जातो. रोगाने तोंड वर काढण्याच्या आतच जनावर संपते. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, अशी म्हण आहे ना! त्या वातडपणाची चौकशी जशी कोणी करीत नाही, तशीच तिच्या फुफ्फुसातल्या गाठींचीही फारशी कोणी करीत नाही. म्हणजे दिसत नाही ते सगळे नसतेच, असे नाही.

आणि आता काळ बदलला आहे, हे विसरू नका. रान कमी झाले, चराई आखडली. आता शेळ्या बंदिस्त पाळतात. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस-पन्नास शेळ्या दाटीने बांधायच्या, शेजारी म्हैस, वारा यायला एक झरोका. जे ऊन-वाऱ्याचे संरक्षण आपल्या आजीच्या शेळीला फुकट मिळत होते, ते ह्या शेळीला नाही. तिच्या वाट्याला गाईच्या गोठ्याची संगत आली, आणि गाईच्या गोठ्याचा रोगही येऊ शकतो.

हा रोग मुळात काय आहे, ते थोडक्यात सांगते. 24 मार्च 1882 रोजी जर्मनीत बर्लिन येथे रॉबर्ट कॉख ह्या डॉक्टरांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणूनच 24 मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळतात. पुढे 1898 साली अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ ह्यांनी दाखविले, की माणसाचा क्षयजंतू आणि गाईचा क्षयजंतू हे भावंडे असले, तरी अगदी एक नव्हेत. ह्यावरून 1901 साली लंडनच्या परिषदेत कॉख ह्यांनी सांगितले, की गाईच्या क्षयापासून माणसाला भीती जवळजवळ नाही. एवढा थोर माणूस, पण तेथे तो चुकला. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी एक चौकशी मंडळ नेमले गेले. त्याने दहा वर्षे प्रयोग केले आणि 1911 साली निष्कर्ष दिला, की गाईचा क्षय दुधातून माणसाला, विशेषतः लहान मुलांना होतो. मुलांच्या मानेच्या गाठी आणि पोटातला क्षय ह्यांचे एक कारण कच्चे दूध होते. तेव्हा, भगिनींनो, माझ्या आजीला मी फार दोष देत नाही. जेथे कॉख चुकले, तेथे आजीचे काय!

शेळीला गाईचा हा जंतू होतो, माणसाचाही जंतू होतो. शिवाय 1999 साली स्पेनमधील शास्त्रज्ञांनी शेळ्यांत आढळणारा क्षयजंतूचा एक निराळा प्रकार ओळखला. 2003 साली त्याला स्वतंत्र स्थान मिळाले आणि नाव पडले मायकोबॅक्टेरियम कॅप्री. लॅटिन भाषेत कॅप्रा म्हणजे शेळी. ज्या रोगाच्या एका जंतूला शेळीचेच नाव द्यावे लागले, तो रोग शेळीला होत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आपल्या दक्षिण आशियात गाईगुरांत ओरिजिस नावाचा आणखी एक प्रकार सापडतो, आणि तो काही माणसांतही सापडला आहे.

पण घाबरून जाऊ नका. आपल्या देशातला माणसांचा बहुतेक क्षय हा माणसापासून माणसाला, खोकल्याच्या तुषारांतून, हवेतून होतो. जनावरांपासून होणारा त्यात थोडा. मात्र तो थोडा भाग आपल्या हातांत आहे. एका उकळीने तो टळतो. हातचे असून जे टाळले नाही, त्याचाच सल मागे राहतो.

जनावर दिसायला धडधाकट आहे म्हणून दूध निर्धोक, ह्या समजुतीचे एक जुने उदाहरण देते. ते क्षयाचे नाही, पण शेळीच्या दुधाचेच आहे. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे बेट आहे. तेथील इंग्रज शिपायांना एक लांबणारा ताप येई. त्याचे नावच माल्टाचा ताप पडले. डेव्हिड ब्रूस ह्यांनी 1887 साली त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कोठून, ते कळेना. माल्टात गवळी शेळ्या घेऊन दारोदार फिरत आणि दारातच धार काढून ताजे दूध देत. शेळ्या तजेलदार, कोणाला शंकाही येऊ नये अशा. 1905 साली तेथील डॉक्टर थेमिस्टॉक्लिस झॅमिट ह्यांनी त्या शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा तो जंतू त्यांच्यातच निघाला. पुढच्या वर्षी शिपायांचे कच्चे दूध बंद केले, आणि ताप झपाट्याने ओसरला. तो रोग म्हणजे ब्रुसेलोसिस. आपल्याकडेही तो आहे. क्षय राहो, ह्या एका रोगासाठीसुद्धा धारोष्ण दुधाला हात जोडावेत.

"पण तापवले की गुण जातो," ह्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. दुधातले पोटात भर घालणारे सत्त्व, हाडांना लागणारा चुना, स्निग्धांश हे उकळल्याने जात नाहीत. काही जीवनसत्त्वे थोडी कमी होतात; ती लिंबाने, भाजीपाल्याने भरून निघतात. क्षयाचा जंतू मारायला 63 अंश सेल्सियसची उष्णता अर्धा तास किंवा 72 अंशांची पंधरा सेकंद पुरते. पाश्चर साहेबांच्या नावाने दूध निर्धोक करण्याची जी रीत आहे, ती हीच. आपल्या घरी अंश मोजायला कोणी बसत नाही. तेव्हा दूध ढवळत ढवळत चांगले वर येऊ द्यावे, ह्यात सगळे आले. दही, ताक, पनीर करायचे तेही तापवलेल्या दुधाचेच. विरजण लागल्याने जंतू मरतो, असा भरवसा धरू नका. चीकही कच्चा चाखू नये. खरवस नीट शिजवावा.

आणि ओघात आलेच म्हणून सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी नुसते शेळीचे दूध पाजू नये. त्यात रक्त तयार व्हायला लागणारे फोलेट फार कमी असते, आणि त्यावरच वाढलेले मूल पांढरे फटक पडते.

आता शेळीत हा रोग ओळखावा कसा? लक्षणे अशी. खोकला जुना, हटत नाही; थोडे पळविले की वाढतो. चारा खाते पण वाळत जाते. दूध कमी होते. श्वास जड होतो. कधी जबड्याखाली, मानेत किंवा खांद्यापुढे गाठी लागतात, कधी कासेत कठीण गोळा लागतो. आणि पुष्कळदा काहीच दिसत नाही, हे सर्वांत वाईट. मेल्यावर किंवा कापल्यावर फुफ्फुसात आणि त्याच्या आसपासच्या गाठींत पिवळट, दह्याच्या कवडीसारखा, कधी चुन्यासारखा खरखरीत ऐवज सापडतो. घरी मटण आणल्यावर फोफशाचे तुकडे धुताना आपल्यापैकी कोणाला असे काही आढळले, तर ते टाकून द्यावे. चिरून पाहत बसू नये, आणि कुत्र्यालाही घालू नये.

पण प्रत्येक वाळणारी शेळी क्षयाचीच, असेही समजू नका. जंताने शेळी वाळते. फुफ्फुसातल्या जंताने खोकते. जोन्स नावाचा एक रोग आहे, त्याचा जंतू क्षयजंतूच्याच कुळातला. त्यात शेळी खाऊनपिऊन वाळत जाते, आणि आपल्या देशातल्या शेळ्यांत तो क्षयापेक्षा पुष्कळ अधिक आहे. मानेवर बाहेरून पिकणाऱ्या गाठींचा आणखी एक रोग आहे, त्यात हिरवट-पांढरा घट्ट पू निघतो. ह्यांतला कोणता, हे बघून सांगणे आम्हां डॉक्टरांनाही जमत नाही. मी स्वतः नोकरीत असताना जंताचे औषध देऊन परत पाठवलेल्या शेळ्यांत कितीजणी क्षयाच्या असतील, देव जाणे. म्हणून तपासणी पाहिजे.

तपासणीची कथाही मोठी गमतीची आहे. ह्याच कॉख साहेबांनी 1890 साली क्षयजंतूपासून ट्यूबरक्युलिन नावाचे द्रव्य तयार केले आणि क्षयावर औषध सापडले म्हणून जगभर आनंद झाला. औषध म्हणून ते साफ फसले. पण ज्याच्या अंगात क्षय आहे, त्याच्या कातडीत ते टोचले की तेथे सूज येते, असे दिसले. औषध फसले, पण परीक्षा मिळाली. शेळीच्या मानेवरचे केस काढून कातडीची जाडी मोजतात, कातडीच्या आत थोडेसे द्रव्य टोचतात, आणि 72 तासांनी, म्हणजे चौथ्या दिवशी, पुन्हा जाडी मोजतात. जोन्स रोगाने फसगत होऊ नये म्हणून शेजारी पक्ष्यांच्या क्षयजंतूपासून केलेले द्रव्य टोचून दोन्हींची तुलना करतात. शंका आली तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन स्पष्ट सांगा, "मला क्षयाची शंका आहे." पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, दवाखान्यामार्फत तेथपर्यंत विचारणा करता येते. आपण विचारले तर विचारणा होते. न विचारता काही होत नाही.

शेळी रोगी ठरली तर औषध काय? ऐका, ह्यावर जनावराला औषध देऊ नये. उपचार महिनोन्‌महिने चालतात, तोवर जंतू पसरत राहतो, आणि अर्धवट औषधाने तो निर्ढावतो. घरातल्या माणसाच्या गोळ्यांतल्या दोन शेळीला चारणे, हे तर कधीही करू नका. माणसाची गोष्ट वेगळी. माणसाला सरकारी दवाखान्यात क्षयाचे औषध फुकट मिळते आणि तो बरा होतो. मात्र डॉक्टरांना आपणहून सांगा, की आमच्या घरी जनावरे आहेत, आम्ही कच्चे दूध पीत होतो. कारण गाईच्या क्षयजंतूवर पायराझिनामाईड नावाचे एक नेहमीचे औषध चालत नाही. हे डॉक्टरांना कळले, तर ते त्याचा विचार करतील.

आणि आता उलटी बाजू. आपण सदा म्हणतो, जनावरापासून माणसाला रोग होतो. माणसापासूनही जनावराला होतो. माझे ते चुलते तुम्हांला आठवत असतील. त्यांची थुंकी कोणी कधी तपासली नाही. भावाला गाठी चांदीच्या दुधातून झाल्या, की चुलत्यांच्या खोकल्यातून? आणि चांदीला तरी क्षयच होता का. असला तर तो पडवीत शेजारी निजणाऱ्या चुलत्यांनीच तिला दिला होता का? मी पुढे मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले, सगळी पुस्तके वाचली, पण ह्या प्रश्नाचे उत्तर मला कधीच मिळाले नाही. मिळणार कसे? त्या तिघांतल्या दोघांची तपासणी कोणी केलीच नव्हती. म्हणून माझे सांगणे एवढेच, की माणूस आणि जनावर एका छपराखाली श्वास घेतात, तेव्हा त्यांचे दुखणेही एकच समजा. घरात कोणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर त्याची थुंकी तपासून घ्या; आणि तोवर त्याला धारेला बसवू नका. शेळी निजायच्या खोलीत बांधू नका. गोठ्याला समोरासमोर झरोके ठेवा, सकाळचे ऊन आत येऊ द्या. नवी शेळी आणली, तर डॉक्टरांना दाखवून तपासणी होईपर्यंत निराळी बांधा, तिचे पाण्याचे घमेलेही निराळे ठेवा. मेलेली शेळी खोल पुरून वर चुना टाका.

आपल्या दंडावर लहानपणी बीसीजीची लस टोचल्याची जी गोल खूण असते, तिच्याकडे घरी गेल्यावर जरा पाहा. फ्रान्समध्ये कालमेट आणि गेरँ ह्या दोघांनी 1908 सालापासून तेरा वर्षे खपून ती लस केली. तिचे मूळ बीज कोणते? क्षयाने कास बिघडलेल्या एका गाईच्या दुधातला जंतू! तो 230 वेळा नव्या अन्नावर वाढवून त्यांनी निर्विष केला, आणि 1921 साली प्रथम एका तान्ह्या बाळाला दिला. म्हणजे रोगी कासेतले दूध शास्त्रज्ञांनी डोळसपणे हाती घेतले, तेव्हा त्यातून लेकरांचे रक्षण निघाले. आम्ही तेच दूध डोळे मिटून पेल्यात धरत होतो.

आता चांदीचे राहिलेले सांगते.

भावाला मिरजेला न्यायचे ठरले, तेव्हा घरात पैसे नव्हते. डॉक्टरांनी अजून काही सांगितले नव्हते, पण आईच्या मनात शेळीविषयी काही आले असावे. कारण तिने त्याच आठवड्यात भावाचे दूध बंद केले होते. आणि त्याच आठवड्यात तिने चांदीला आठवड्याच्या बाजारात नेली. मी बरोबर होते. आदल्या रात्री आईने शेळीला गूळ घालून भरडा चारला, सकाळी तिला धुतले, म्हणजे ती भरल्यासारखी दिसावी. बाजारात एक बाई आली. कडेवर एक मूल, हाताशी एक. तिने चांदीची कास दाबून पाहिली, दात पाहिले. मग विचारले, "खोकते का गं?" आई म्हणाली, "नाही, बाजारातली धूळ आहे." त्या बाईने पदराच्या गाठीचे पैसे सोडून मोजून दिले. जाताना तिचे थोरले पोर चांदीच्या कपाळावरच्या ठिपक्याला हात लावून हसत होते.

त्या पैशांनी माझा भाऊ मिरजेला गेला. त्या बाईच्या मुलांचे काय झाले, हे आम्हांला कधी कळले नाही. आई पुढे पुष्कळ वर्षे जगली. त्या बाजाराचा विषय तिने एकदाही काढला नाही, आणि मीही काढला नाही. पण घरातले दूध उतू जाईपर्यंत ती चुलीसमोरून उठत नसे, एवढे मी पाहिले.

आईला मी दोष देऊ शकत नाही. एका बाजूला मूल आणि दुसऱ्या बाजूला अनोळखी बाई, अशा तराजूत कोणती आई काय करील, हे मला माहीत आहे. दोष असा, की त्या वेळी तिच्यापुढे तिसरा मार्ग नव्हता. आजही गरीब बाईपुढे तो नाही. रोगी शेळी ठेवली तर घरात धोका, मारली तर भांडवल बुडाले, विकली तर दुसऱ्याच्या घरी रोग. मग ती विकते. तिला "विकू नकोस" असे नुसते सांगणे सोपे आहे. सांगणाऱ्याचे काही जात नाही.

तेव्हा माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या बचत गटात आपण दरमहा पैसे टाकतोच. त्यांतून शेळीमागे अगदी थोडी रक्कम बाजूला काढावी आणि तिचा एक निराळा निधी ठेवावा. ज्या भगिनीची शेळी डॉक्टरांनी क्षयाची ठरविली, तिने ती बाजारात नेऊ नये. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे तिची विल्हेवाट लावावी, आणि मंडळाने तिला एका पाठीची किंमत द्यावी. जिचा विमा उतरवता येईल, तिचा उतरावा. पण विम्याची वाट पाहत बसू नये. दरवर्षी दोन-चार शेळ्यांपेक्षा जास्तीचा हा प्रश्न असेल, असे मला वाटत नाही. पण त्या दोन-चार बायकांना खोटे बोलावे लागणार नाही. मंडळाने पापड-लोणच्यांचे पुष्कळ उद्योग केले. हा एक उद्योग खरे बोलणे परवडावे म्हणून करावा. पहिली वर्गणी म्हणून मी आज चिटणीसबाईंकडे एका पाठीची किंमत देत आहे. ती चांदीची समजा.

माझी ती शेजारीण आज समोर बसली आहे. तिने परवाच मला सांगितले, की नातू आता तापवलेले दूध पितो, पण फेस नाही म्हणून रुसतो. त्यावर एक उपाय सांगते. तापवलेले दूध कोमट झाले, की दोन पेल्यांतून उंचावरून चार वेळा ओता. फेस येईल, पांढरी मिशीही उमटेल, आणि आजीचे समाधानही राहील.